तिसऱ्या रविवारची हरकत

आमच्याकडे दफनविधीच्या उपासनेत मयताचं जीवनवृत्त वाचायची पद्धत आहे. जन्म, बाप्तिस्मा, शिक्षण, नोकरी, स्वभाव, शेवटचं आजारपण, सगळं एका पानात. माझ्या आत्याचं, म्हणजे एस्तेर भिंगारदिवे हिचं, ते पान मी लिहिलं आणि मीच वाचलं. त्यात आत्याच्या कादंबऱ्यांना एक ओळ होती. आणि एक ओळ होती ती खोटी. ती कुठली ते शेवटी सांगते, कारण आधी सांगितली तर तुम्हालाही ती खरीच वाटेल. नगरच्या आमच्या अख्ख्या ख्रिस्ती मंडळीला वाटते तशी.

आत्याने अडतीस कादंबऱ्या लिहिल्या. सगळ्या हलक्याफुलक्या, प्रेमाच्या. नायक राजस, नायिका ईरा, कधी नावं बदलली तरी माणसं तीच. पुण्यातला बंगला, बागेतला झोपाळा, गैरसमज, रुसवा, आणि शेवटी सनई. आत्याने पुण्यातला बंगला आतून कधी पाहिला नव्हता. झोपाळ्यावर बसली असेल ती शाळेतल्या. एका मिशनच्या शाळेत चौथीच्या वर्गाला तिने तेहेतीस वर्षं शिकवलं. या अडतीस पुस्तकांवर तिचं नाव कधी नव्हतं. शामकांत नावाचे पुण्याचे प्रकाशक होते, त्यांनी पहिल्याच पत्रात कळवलं की एस्तेर नावाच्या बाईची प्रेमकथा आमचा वाचक घेणार नाही. त्यांनी नाव दिलं, ‘सौ. प्रेमला’. जन्मभर बिनलग्नाच्या राहिलेल्या बाईला त्यांनी टपालाने सौभाग्यवती करून टाकलं. आत्या त्यावर खूप हसली होती म्हणे. ती कशावरही हसायची, आणि मला लहानपणी त्याचाच राग यायचा.

तिच्या लेखनाचे गुरू कोण, असं कुणी विचारलं असतं तर तिने दोन नावं सांगितली असती. पहिली माझी आजी, गोजरबाई. आजीला लकवा झाला तेव्हा आत्या चोवीस वर्षांची होती. आजीची उजवी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली, आणि ती आधीपेक्षा धारदार झाली. माझी आई दवाखान्यात नर्स, तिच्या पाळ्या. पप्पा शाळेत. त्यामुळे आजीला भरवायचं काम आत्याचं. आजी सरळ जेवत नसे. गोष्ट सांगितली तर एक घास. आत्या वाचनालयातल्या कादंबऱ्या आणून वाचायची, आणि गोष्टीत कुणी मेलं किंवा कुणी कुणाला सोडून गेलं की आजी तोंडातला घास थुंकून द्यायची.

“हे नगं. त्या दोघांचं जमव आदी. मंग खाती.”

जमेल अशा गोष्टी संपल्या तेव्हा आत्या मनाने रचायला लागली. दुधात कुस्करलेल्या भाकरीची एक वाटी संपायला जितका वेळ लागे तितकं एक प्रकरण. शेवटच्या घासाला रुसवा काढायचाच. पुढे शामकांत तिच्या प्रकरणांच्या लांबीचं कौतुक करायचे, की काय मोजून मापून लिहिता हो तुम्ही. माप वाटीचं होतं. अडतीस कादंबऱ्यांत एकही माणूस मेला नाही, ते एका म्हातारीच्या थुंकण्याच्या भीतीने.

दुसरं नाव जोसेफ अमोलिक. हा माणूस श्रीगोंद्याच्या बाजूला एका शुगर फॅक्टरीत वजनकाट्यावर क्लार्क होता. मंडळीच्या एका शिबिरात ओळख झाली आणि तो आत्याला पत्रं पाठवायला लागला. कागद म्हणजे वजनपावत्यांची पाठकोरी बाजू. ‘आज बैलगाडीसकट एका म्हाताऱ्याचं वजन झालं. तो उतरायला तयारच नव्हता. मी म्हणालो, बाबा, तुमचेही उसाचेच पैसे लावू.’ असलं काहीतरी. अशा एकोणीस पावत्या आत्याने गीतांच्या पुस्तकात जपून ठेवल्या होत्या. ईराच्या राजसने अडतीस कादंबऱ्यांत जे जे विनोद केले ते सगळे त्या एकोणीस पावत्यांतले, फक्त वजनकाटा काढून त्या जागी मोटार घातलेली.

या जोसेफशी तिचं लग्न ठरलं होतं, शहाऐंशी साली.

आमच्याकडे लग्नाआधी सलग तीन रविवार मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, घोषणा वाचतात. अमुक आणि तमुक यांचा विवाह योजला आहे, कोणास रास्त अडथळा ठाऊक असेल तर त्याने आता सांगावे. मग पाळक दोन क्षण थांबतात. कुणीही काही बोलत नाही, पोरं चुळबुळ करतात, आणि पुढचं गीत सुरू होतं. पहिला रविवार झाला, दुसरा झाला. लग्नाची पांढरी साडी घरात आली. तिसऱ्या रविवारी पाळक थांबले, आणि पुरुषांच्या बाजूने माझे पप्पा उभे राहिले. एडविन भिंगारदिवे, आत्याचा सख्खा थोरला भाऊ.

“हरकत आहे,” ते म्हणाले. “माझ्या बहिणीला फिट येतात. मुलाकडच्यांना हे सांगितलेलं नाही. देवाच्या घरात लपवाछपवी मला पटत नाही.”

पाळकांनी आत्याला विचारलं. आत्या बायकांच्या बाजूला उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. ती तशीच खाली बसली. मंडळीने त्याचा अर्थ लावून टाकला. लग्न मोडलं आणि पप्पांचा मान वाढला. स्वतःच्या घरची अब्रू बाजूला ठेवून खरं बोलणारा माणूस! पुढे ते मंडळीचे सेक्रेटरी झाले आणि मरेपर्यंत राहिले.

मी वर्षभराने जन्मले. त्या पांढऱ्या साडीचा माझ्या बाप्तिस्म्याचा झगा झाला. तो आत्यानेच शिवला.

मी मोठी झाले ती आत्याला फिट येतात हे पक्कं माहीत असूनच. मी एकदाही पाहिली नव्हती, पण सूर्य उगवतो हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का? तिला विहिरीजवळ जाऊ द्यायचं नाही, स्टोव्ह पेटवताना कुणीतरी जवळ उभं राहायचं, लग्नाच्या पंगतीत तिला कडेला बसवायचं. फिट आल्यावर कांदा हुंगवतात, म्हणून बायडाबाई नावाच्या एक बाई पर्समध्ये कांदा घेऊनच उपासनेला यायच्या आणि आत्याच्या मागच्या बाकावर बसायच्या. सगळ्यांना दाखवायच्या, “एस्तेरबाईंसाटी आनलाय, येळ काय सांगून येती व्हय?” पुढे नगरचं अहिल्यानगर झालं, पण बायडाबाईंच्या पर्समधला कांदा काही गेला नाही. आणि आत्या मागे वळून त्यांना विचारायची, “आज लाल आणलात का पांढरा?” सगळे हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वाटायचं, हिला काही लाज नाही.

आजी नव्व्याण्णवला गेली, पुढे आई, मग दोन हजार सोळाला पप्पा. घरात आत्या आणि मी उरलो. मी एका कॉलेजच्या ऑफिसात टायपिंग करते, माझं लग्न झालं नाही. फिटवाल्या घरातली मुलगी कोण करून घेणार? त्याचाही राग मी आत्यावरच काढायचे. तिच्या चहात साखर नाही म्हणून ती कुरकुरली की मी म्हणायचे, “तुझ्या कादंबरीतली घाल थोडी.”

मग साखरेनेच तिचे डोळे नेले. आधी अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. लिहायची मात्र ती थांबली नाही. जाड स्केचपेनने, पानावर आठ ओळी, अंदाजाने, ओळी एकमेकींवर चढलेल्या. मी त्या टाईप करायच्या आणि शामकांतना मेल करायचा, अशी आमची पद्धत पडली. अडतिसावी तशीच गेली. मग एके दिवशी तिने मला समोर बसवलं.

“आरू, आता एक माझ्या नावाने. शामकांतशी बोलले मी. ते म्हणाले, अडतीस दिल्यात, एक घ्या तुमच्या नावाने. नायिकेचं नाव मार्था. नगरची. आपल्या मंडळीतली.”

“आणि वाचणार कोण?”

“मंडळी वाचेल की. एकदा वाचली की झालं.” ती हसली नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कादंबरीचं नाव ‘तिसरी घोषणा’. सोळा प्रकरणं मी हसत टाईप केली. वजनकाटा होता, बैलगाडीवरचा म्हातारा होता, पहिल्यांदाच सगळं आपापल्या जागेवर होतं. सतरावं प्रकरण हातात आलं ती शनिवारची दुपार होती. त्यात मार्थाचा भाऊ तिसऱ्या रविवारी उभा राहतो आणि म्हणतो की बहिणीला फिट येतात. आणि पुढे आत्याने लिहिलं होतं: ‘मार्थाला जन्मात कधी फिट आली नव्हती. आदल्या रात्री दादा आईच्या खाटेशी बसून म्हणाला होता, ही गेली तर तुला भरवणार कोण? आई म्हणाली होती, तूच बघ काय ते. मार्था भांडी घासत होती आणि तिला वाटलं, ते औषधाबद्दल बोलत आहेत.’

त्याच्या पुढे मंगळवार होता. मुलगा बापाला घेऊन एसटीने दारात आला. दारात भाऊ उभा. ‘ती झोपली आहे, काल पुन्हा आली होती.’ मार्था आत आईला भरवत होती. तिने सगळं ऐकलं. ती उठायला लागली तर आईने चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं. ‘जाऊ नगंस, माजा घास ऱ्हायलाय.’ एवढा प्रसंग आत्याने तिच्या नेहमीच्या हलक्या हाताने लिहिला होता. घास कुठल्या भाजीचा होता तेसुद्धा होतं. दोडका.

मी ती पानं घेऊन तिच्यापुढे गेले. “आत्या, हे खरं आहे?”

“कादंबरी आहे गं.”

“तुला फिट कधीच आली नाही?”

“तू पाहिलीस का कधी?” ती म्हणाली. “मग?”

“तेव्हा बोलली का नाहीस मग?”

“सख्खा भाऊ देवळात उभा राहून खोटं बोलतो, हेच मला कळायला वेळ लागला. मला कळेपर्यंत गीत सुरू झालं होतं.”

इथे मी रडले असेन, तिच्या पाया पडले असेन, असं तुम्हाला वाटत असेल. मला आला तो संताप, आणि तो तिच्यावर. अडतीस वर्षं गप्प बसलीस तर आता गप्प बसायला काय झालं होतं? पप्पांना जाऊन आठ वर्षं झाली होती. मंडळीने नवा हॉल बांधला होता आणि त्याला पप्पांचं नाव द्यायचं ठरत होतं. कमिटीत दोघेजण विरोधात होतेच. हे पुस्तक आलं की पाटी गेली. पप्पा मला सायकलवर पुढे बसवून भिंगारपर्यंत न्यायचे. माझ्याशी ते कधी मोठ्या आवाजात बोलले नव्हते. त्यांचं मागे एवढं नावच राहायचं होतं, भिंतीवर.

रविवारी उपासनेहून आल्यावर मी बसले आणि सतरावं प्रकरण पुन्हा लिहिलं. माझ्या आवृत्तीत भाऊ उभा राहतो, थरथरत्या आवाजात खरं सांगतो, आणि त्याच क्षणी मार्थाला मंदिरात सगळ्यांसमोर फिट येते. भाऊ धावतो, तिचं डोकं मांडीवर घेतो. शुद्धीवर आल्यावर मार्था म्हणते, ‘दादा, तू होतास म्हणून मी वाचले.’ मंगळवार मी काढून टाकला. दोडकाही. चार पानांची दोन पानं झाली, आणि मला काम करून झाल्यावर वाटतं तसं बरं वाटलं.

शामकांतचं उत्तर आलं: ‘सतरावं प्रकरण वाचताना डोळ्यात पाणी आलं. फिटचा प्रसंग तर बाईंच्या आजवरच्या लेखनातला सर्वोत्तम.’ ते आत्याला सांगताना मी एवढंच म्हणाले, “सतरावं त्यांना आवडलं.” ती लहान मुलीसारखी खूश झाली.

प्रुफं आली तेव्हा तिने सगळं पुस्तक मोठ्याने वाचायला लावलं. सतराव्याला मी प्रुफं मांडीवर ठेवली आणि वाचली तिची स्केचपेनची पानं. ती डोळे मिटून ऐकत होती. “‘दोडक्याचा’च्या पुढे स्वल्पविराम आहे ना?” तिने विचारलं. मी म्हणाले, आहे. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. हे मला आज सगळ्यात जास्त छळतं.

प्रकाशन नव्या हॉलमध्ये ठेवलं. दारावर ‘कै. एडविन भिंगारदिवे सभागृह’ अशी पाटी लागून दोन महिने झाले होते, आणि आत व्यासपीठाच्या मागे पप्पांचा मोठा फोटो. दोनशे माणसं होती. आत्या पांढरी साडी नेसली होती. श्रीगोंद्याहून जोसेफकाका आले होते, काठी टेकत, त्यांची सून सोबत. त्यांना आत्याने मला न सांगता फोन करून बोलावलं होतं. मी पाळक यशयासाहेबांना वाचण्यासाठी पहिल्या प्रकरणात चिठ्ठी घालून दिली होती.

“पहिलं नको, पाळकसाहेब,” आत्या माईकवर म्हणाली. “सतरावं वाचा. तीन रविवारांचं. सगळ्यांनी ऐकावं अशी माझी इच्छा आहे. एवढ्यासाठीच लिहिलंय.”

पाळकसाहेबांनी पानं उलटली. मी पहिल्या रांगेत होते. मला उठून पुस्तक हिसकावून घेता आलं असतं, चक्कर आल्याचं सोंग करता आलं असतं, सगळं सांगून टाकता आलं असतं. मी पाण्याची बाटली उघडली.

ते छान वाचतात. घोषणा वाचली, थांबले, भाऊ उभा राहिला. आत्याचा चेहरा वर झाला, जणू इतक्या वर्षांनी तिला हाक येणार होती. मग फिट आली. ‘मार्था बाकावरून खाली कोसळली, तिच्या तोंडाला फेस आला...’ आत्याची मान हळूच वळली, पुस्तकाच्या दिशेने, मग माझ्या. तिला मी दिसत नव्हते. मागून बायडाबाईंचा आवाज आला, “आगदी आसंच! म्या म्हनत न्हवते?” बायकांनी डोळ्याला पदर लावले. ‘दादा, तू होतास म्हणून मी वाचले’ या वाक्याला टाळ्या पडल्या आणि काहीजण पप्पांच्या फोटोकडे बघून वाजवत होते.

“एस्तेरबाई, दोन शब्द,” पाळकसाहेब म्हणाले.

आत्या उभी राहिली. तिचे ओठ हलले. मग ती खाली बसली.

कार्यक्रमानंतर जोसेफकाका सुनेचा हात धरून तिच्याजवळ आले. त्यांनी आत्याचा हात हातात घेतला.

“एस्तेर, तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता,” ते म्हणाले. “अडतीस वर्षं मी म्हणत आलो, एडविन खोटं बोलला. बायकोला म्हटलं, पोरांना म्हटलं. त्याला मी मनातून फार शिव्या दिल्या. आज तूच लिहिलंस, म्हणजे झालं. बरं झालं, मरायच्या आधी माझ्या मनातलं किल्मिष गेलं.”

जगात तिच्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता. तोही मी काढून घेतला होता, आणि तो आनंदात होता.

“प्रवास झेपला का तुम्हाला?” आत्याने विचारलं.

आम्ही दोघी रिक्षाने निघालो. घराच्या वळणावर ती म्हणाली, “आरू, तुझ्या पप्पांनी निदान माझ्या तोंडावर म्हटलं होतं.”

त्यानंतर सात महिने ती जगली. मला ती काही बोलली नाही, तिने जेवण टाकलं नाही, स्केचपेन मात्र पुन्हा मागितला नाही. मी पाय दाबायला बसले की म्हणायची, “राहू दे, दमली असशील.” मी ओरडा खायला तयार होते, तिने तो दिला नाही. किडन्या गेल्या आणि ती दवाखान्यात शांतपणे गेली. तिची सतराव्या प्रकरणाची पानं माझ्या कपाटात आहेत.

दफनाच्या दिवशी मंदिर भरलं होतं. जोसेफकाका आले होते. बायडाबाई होत्या. जीवनवृत्त वाचायला मी उभी राहिले, पुरुषांच्या आणि बायकांच्या बाकांच्या मधोमध. पान माझ्या हातात होतं. मी जन्म वाचला, बाप्तिस्मा वाचला, तेहेतीस वर्षांची नोकरी वाचली, कादंबऱ्यांची ओळ वाचली. मग पुढची ओळ आली, आणि मी तिच्याआधी दोन क्षण थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते. पप्पा उभे राहिले होते ती जागा माझ्यापासून चार बाकांवर होती.

“प्रकृतीच्या कारणामुळे त्या अविवाहित राहिल्या,” मी वाचलं.

कुणी हरकत घेतली नाही, आणि पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं.